चरकाची घुंगरं

त्या दिवशी माझं मशिन बिघडलेलं नव्हतं. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते तेव्हा पायथ्याशी बसून मी त्यांचे पाय चेपले, पण हे बोललो नाही. बायकोला सांगितलं नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं ती माझी थोरली बहीण, अक्का, तिच्यासमोर तो विषय निघाला की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठतो. आत्तासुद्धा एवढ्या चार ओळी लिहून मी दोनदा उठलो. एकदा नळ नीट बंद आहे का ते पाहून आलो, एकदा उगाच गाडीवरची धूळ पुसली. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, पण एका जागी बसवत नाही त्याला काय करू.

मशिन म्हणजे कानाचं मशिन. लहानपणी गोवराच्या तापात माझे दोन्ही कान गेले, अगदी ठार नाही, पण माणूस शेजारी उभा राहून मोठ्यानं बोलला तर त्याच्या बोलण्याचा नुसता आकार कळायचा, शब्द नाही. पुढं शाळेत बसवायचं म्हणून तात्यांनी पुण्याहून मशिन आणलं. आजच्यासारखं कानामागं दडणारं नव्हे. पत्त्यांच्या डबीएवढी एक पेटी, तिच्यात पेन्सिल सेल, आणि तिच्यातून निघालेली वायर थेट कानातल्या गोळ्यापर्यंत. आईनं जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली होती. ती गळ्यात अडकवून बंडीच्या आत घालायची. त्या पेटीला अंतर कळत नसे. आई चुलीपाशी भाकरी थापतेय तो आवाज, रस्त्यावरून गेलेला ट्रक, माझ्याच सदऱ्याचं पेटीवर घासणं, सगळं एकाच ठिकाणाहून, माझ्या छातीतून यायचं. त्यात माणसाचं बोलणं निवडून काढायचं म्हणजे डाळीतले खडे निवडण्यासारखं काम. शाळेतली पोरं मला रेडिओ म्हणायची. "ए रेडिओ, बातम्या लाव की." मीही मग गळा खाकरून बातम्या द्यायचो, गुरुजींच्याच. त्यामुळं पोरांचा मार कमी बसायचा.

आमची रसवंती होती. पुण्याहून नगरला येणाऱ्या रस्त्यावर, सुप्याच्या अलीकडं, तेव्हा तिथं कारखाने नव्हते, नुसती माळरानं आणि बाभळी. वर उसाच्या पाचटाचा मांडव, खाली चार बाकडी, मधोमध चरक. शिवरात्रीपासून पाऊस पडेपर्यंत रस, आणि पाऊस पडला की तिथंच शेगडी मांडून भाजलेली कणसं. ऊस यायचा मामाकडून. मामा देवळाली प्रवऱ्याचा, पाण्याखालच्या रानातला माणूस. टेम्पोतून मोळ्या उतरवताना तो आमच्याकडच्या कोरड्या माळाकडं बघून दर वेळी म्हणायचा, "दाजी, हितं तुमी माणसं तरी कशी उगवली?" तात्या म्हणायचे, "तुमच्या बहिनीनं पानी घातलं म्हनून." दिवसाच्या शेवटी उरलेला रस आई वाया जाऊ द्यायची नाही. त्यात ती कणीक भिजवून दशम्या करायची, कधी त्यातच तांदूळ शिजवायची. उन्हाळाभर आमच्या घरात सगळ्या वस्तूंना गोडसर, किंचित आंबूस वास असायचा. पितळी तांब्याला, आईच्या पदराला, अक्काच्या वह्यांना. मुंग्या तर घरच्याच होत्या.

रसवंतीत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. तात्या चरकावर, आई ग्लास विसळायला, अक्का गिऱ्हाईक बघायला. मला आधी गिऱ्हाइकांचं सांगितलं होतं, पण चार माणसं एकदम बोलायला लागली की माझी पेटी नुसती गोंधळ ऐकवायची, आणि बिनबर्फाचा कुणाला, मसाला कुणाला, सगळी उलथापालथ व्हायची. म्हणून तात्यांनी मला खटक्यावर बसवलं. चरक विजेच्या मोटारीवर चालायचा. मांडवाच्या एका मेढीला फळी ठोकून तिच्यावर मोटारीचा खटका बसवलेला होता. तात्यांचा नियम होता, चरक फिरत असेल तोवर खटक्यापाशी एक माणूस पाहिजेच, आणि त्यानं तोंड चरकाकडं करूनच बसायचं. ऊस एकदा पिळून निघाला की तो दुमडून, मध्ये लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा घालून परत त्या लोखंडी लाटांमध्ये द्यायचा असतो. दुमडलेला ऊस आखूड असतो, हात लाटांच्या फार जवळ जातो. "कुनी वराडलं की आधी खटका पाडायचा," तात्या म्हणायचे, "काय झालं ते मागनं इचारायचं." मला ते काम आवडायचं. बसून करायचं होतं आणि कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

अक्का माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. बारावी झाल्यावर तिनं टायपिंगचा क्लास लावला होता. सरकारी परीक्षा द्यायची, तहसील कचेरीत लागायचं, आणि उन्हात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असा तिचा पक्का बेत होता. क्लासात यंत्रावर बसायला थोडाच वेळ मिळे, म्हणून घरी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिनं सगळ्या कळा काढल्या होत्या. गिऱ्हाईक नसलं की ते कॅलेंडर बाकड्यावर पसरून ती दहा बोटांनी ठोकत बसायची. मी त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या बोटांचा आवाज माझ्या मशिनला कधी पकडता आला नाही, पण फळीतून तो माझ्या मांडीला कळायचा. चिमणीनं पत्र्यावर चालावं तसा. वेग वाढला की मी मान हलवायचो, चुकली की तीच थांबायची आणि माझ्याकडं बघायची. "कळलं का रं तुला चुकले ते?" मी हो म्हणायचो. "मंग तूच माझा मास्तर. त्या क्लासवाल्याला फी कशाला देऊ?" माझ्यापाशी ऐकण्यासारखं काही आहे असं वाटायला लावणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

आता घुंगरांकडं यायला हवं. मी ते टाळतोय हे माझ्याच लक्षात येतंय.

रसवंती म्हटली की घुंगरं आलीच. चरकाच्या चाकाला ती बांधतात, चाक फिरलं की वाजतात, आणि लांबून येणाऱ्या माणसाला आधी तहान लागते, मग रसवंती दिसते. तात्यांनी घोडेगावच्या बैलबाजारातून चांगला चामडी पट्ट्यावरचा जोड आणला होता, जाडजूड पितळी. त्यांना त्याचा फार अभिमान. "नुसत्या आवाजावर धा गिऱ्हाइकं येत्यात," ते म्हणायचे. इतरांच्या कानाला तो आवाज गोड लागत असेल. माझ्या छातीवरच्या पेटीतून तो यायचा तेव्हा कुणी डोक्यात पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय असं व्हायचं. खटका चाकापासून दोन हातांवर. सकाळी सुरू झालेलं ते दिवस मावळेपर्यंत. घरी गेल्यावरही कानात तेच. पेटीच्या कडेला एक बारीक बटण होतं, मशिन चालू-बंद करायचं. एके दिवशी सदऱ्यात हात घालून मी ते खाली ओढलं. काय सांगू, अंगावरची मोळी उतरावी तसं झालं. चाक फिरतंय, घुंगरं उडतायत, आणि आवाज नाही. मग मी रोज तसंच करायला लागलो. चरक सुरू झाला की सदऱ्यात हात, थांबला की पुन्हा हात. तात्या अधूनमधून चरकावरून हातानं विचारायचे, ऐकू येतंय ना? मी मान हलवायचो.

बंद ठेवतो असं सांगायची सोय नव्हती. ते मशिन आणायला तात्यांनी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी स्वतःसाठी घ्यायची ठरवलेली जुनी लुना घेतली नाही आणि नंतर कित्येक वर्षं ते बर्फाची लादी सायकलला बांधून आणत राहिले. एकदा होळीला मात्र, रसवंतीवर बसायचा कंटाळा आला म्हणून, मी त्यांना म्हणालो होतो की मशिन खरखर करतंय, नीट चालत नाही. ते म्हणाले, "ह्यो सीझन जाऊ दे, मंग पुन्याला दाखवू." एवढंच बोलणं. मी ते विसरूनही गेलो. तात्या विसरले नाहीत.

लग्नसराईतली दुपार होती. तात्या बर्फ आणायला गेले होते, आणि तेवढ्यात एक वऱ्हाड रसवंतीवर उतरलं. एक ट्रक, एक टेम्पो, टेम्पोत बँडवाले. चारही बाकडी भरली, माणसं बाभळीच्या सावलीतही उभी राहिली. आई ग्लासांच्या बादलीवर वाकलेली. अक्कानं ओढणी कमरेला खोचली आणि ती चरकावर उभी राहिली. तिला ते काम येत होतं, याआधीही केलेलं होतं. तिनं मला खूण केली, मी खटका वर केला, चाक फिरायला लागलं. घुंगरं सुरू झाली. मी सदऱ्यात हात घातला.

आणि मग मी तोंड फिरवलं. मला बँडवाले बघायचे होते. टेम्पोतून उतरून, कुणी सांगितलं म्हणून की मजेनं, ते रस्त्याच्या कडेला वाजवायला लागले होते. लाल डगले, घामानं काळे झालेले. गाल फुगवून वाजवणारी माणसं आवाजाशिवाय बघायला फार गमतीची दिसतात. एकाचे डोळे बाहेर आलेले, एकजण ढोलावर असा तुटून पडलेला की जणू ढोलानं त्याचं काही चोरलंय. वऱ्हाडातली दोन पोरं नाचायला लागली. मी हसत होतो. हे मी नीट लिहून ठेवतो, मी हसत होतो.

माझी पाठ मेढीला टेकलेली होती. मोटारीची धडधड त्या लाकडातून मला सतत कळत असे, इतकी सवयीची की तिच्याकडं लक्ष नसे. ती धडधड एकदम बदलली. जड झाली, अडखळली. मी वळलो. बाकड्यांवरची सगळी माणसं उभी होती आणि सगळ्यांची तोंडं उघडी होती. पांढऱ्या फेट्यातला एक म्हातारा माझ्याच अंगावर धावून येत होता. त्यानं मला बाजूला ढकललं आणि खटका पाडला. अक्का चरकाला टेकून उभी होती, उजवा हात पुढं, आणि ती माझ्याकडंच बघत होती. तिचं तोंड हलत होतं. ओठांवरून मला एवढंच कळलं की ती माझं नाव घेत होती, आणि ते पहिल्यांदा घेत नव्हती. घुंगरं नेमकी कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. माझ्यापुरती ती आधीच थांबलेली होती.

चाक हातानं उलटं फिरवून वऱ्हाडातल्या माणसांनी तिचा हात सोडवला. आईनं पदर फाडून गुंडाळला. बँडवाल्यांच्याच टेम्पोतून तिला नगरला नेलं, आई तिच्यासोबत. मला हातानं सांगून गेले, तू इथंच थांब, तात्या येतील. माळावर मी एकटा उरलो. मी सदऱ्यात हात घालून बटण वर केलं. लगेच सगळं ऐकू आलं. कावळा. ग्लासांवरच्या माश्या. चरकाखालच्या पातेल्यात थेंब थेंब पडणारा रस. मशिन उत्तम चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या नगरहून कपडे न्यायला घरी आले. आईही आली होती. दवाखान्यात मामा बसला होता. तर्जनी गेली होती, मधलं बोट डॉक्टरांनी वाचवलं होतं, पण ते आकड्यासारखं वळून बसेल असं म्हणाले होते. तात्या ओट्यावर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला आवाज आला न्हाई?"

मी पेटीची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"लई वराडली रं ती. मानसं सांगत हुती, बँडच्या वर आवाज गेल्ता तिचा."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मशिनच बिघडलं आसंल. होळीला म्हनला हुता न्हवं त्यो, खरखरतंय म्हनून?"

तात्यांनी वर पाहिलं. "व्हय रं? बंद पडलं हुतं का?"

मी मान हलवली. हो म्हणून. बंद पडणं आणि बंद करणं यांत त्या मानेनं काही फरक केला नाही. तात्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला आजही समोर दिसतं. रागाची वाट बघत होतो मी, आणि त्या जागी भलतंच काही आलं. ते म्हणाले, "म्हंजे माझ्यानंच झालं. म्या म्हनलो, सीझन जाऊ दे." मग थोड्या वेळानं, "उद्या पुन्याला जाऊन दाखवून आनू. बघू तरी काय झालंय."

ते गेल्यावर मी रसवंतीवर गेलो. पातेल्यात कालचा रस तसाच होता, वर फेस आलेला, आंबायला लागलेला. मी पिशवीतून पेटी काढली. खोटं मी आधीच बोलून बसलो होतो, आता ते खरं करायचं बाकी होतं. मी पेटी त्या रसात सोडली, बुडबुडे थांबेपर्यंत हातानं दाबून धरली, मग पुसून पत्र्यावर उन्हात ठेवली. सतरा वर्षांचा होतो. इतकं डोकं मी गणितात कधी चालवलं नव्हतं.

पुण्याच्या दुकानदारानं पेटी उघडली तेव्हा आतून मुंग्या निघाल्या. तो बिचारा चांगला माणूस होता, हसलाही नाही. "आत काहीतरी गोड गेलंय," तो म्हणाला. "कुठं काम करतो मुलगा?" तात्यांनी सांगितलं, रसवंतीवर. "मग बरोबर. रोज थोडं थोडं उडत असणार. हे आता दुरुस्त होत नाही, नवीनच घ्यावं लागेल." येताना एसटीत तात्या खिडकीशी बसले होते. शिरूर गेल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तो सुप्यापर्यंत सोडला नाही. मी हात काढून घेतला असता तर बरं झालं असतं. तेवढंही केलं नाही.

आठवड्यानं अक्का घरी आली. हाताला पांढरं बोचकं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत पुण्याला दुसरं ऑपरेशन केलं तर मधलं बोट सरळ होईल. उशीर केला तर नाही. घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, आईची मोहनमाळ. त्या संध्याकाळी आईनं हुलग्याची शेंगोळी केली होती, अक्काला आवडतात म्हणून. सगळे चुलीभोवती बसलो होतो. माझ्या कानात काही नव्हतं, म्हणून मला कळावं यासाठी सगळे माझ्याकडं तोंड करून, सावकाश बोलत होते. आपल्याच शिक्षेचा निकाल कुणी आपल्यासाठी मुद्दाम मोठ्यानं वाचावा तसं. पण शिक्षा भलत्यालाच होत होती.

आई म्हणाली, "माळंत आप्रेशन हुईल. मशिनचं पुढच्या सालाला बघू."

अक्का डाव्या हातानं खात होती. तिनं घास खाली ठेवला. "त्याची बारावी हाय म्होरल्या साली. वर्गात काय फळ्याकडं बघत बसंल? आधी त्याचं मशिन घ्या."

"आन तुझं बोट?"

"बोट ऱ्हाऊ दे वाकडं. चुलीवरचं पातेलं उतरवायला सांडशी लागनार न्हाई." ती हसली, आणि कुणी हसत नाही म्हटल्यावर थांबली. "खरं सांगू का आई? ह्याला ऐकू आलं आसतं तर हे झालंच नसतं. उद्या परत कुनी वराडलं तर? तवा पन ह्यो असाच बघत बसनार का?"

तात्या मान खाली घालून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलती."

मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मशिन चांगलं होतं, मी बंद केलं होतं. ते बोललो असतो तर मार पडला असता, कदाचित घराबाहेरही काढलं असतं, पण माळ पुण्याला तिच्या बोटासाठी गेली असती. मी वाटी पुढं केली आणि आणखी शेंगोळी मागितली. वाटी पुढं केलेला तो हात मला अजून विसरता आलेला नाही, त्याआधीचं आणि नंतरचं बरंच विसरलो तरी.

नवं मशिन कानामागं बसणारं होतं, छोट्या गोल सेलचं. आवाज कितीतरी स्वच्छ. ते घालून घरी आलो त्या दिवशी अक्का ओट्यावर कॅलेंडर पसरून बसली होती. पट्टी निघाली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या बोटांचा आवाज कानानं ऐकू आला. डाव्या हाताचा एकसारखा. उजव्याचा मध्येच खाडा पडलेला, मग एक भलताच टोला, मग पुन्हा खाडा. ती थोडा वेळ ठोकत राहिली. मग म्हणाली, "कळलं का रं?" मी नाही म्हणालो. तिनं कॅलेंडरची घडी घातली आणि ते कॅलेंडर चुलीत गेलं की कुठं, मी पुन्हा पाहिलं नाही.

तात्यांनी चरकाची घुंगरं काढून टाकली. त्या आवाजातच पोराचं मशिन गेलं आणि पोरीची हाक बुडाली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मुक्या रसवंतीवर गाड्या थांबेनात. शेजारचे लोक म्हणायचे, "तात्या, घुंगरं बांधा की, लोकांना वाटतंय चरक बंद हाय." तात्या ऐकायचे नाहीत. दोन उन्हाळ्यांनी चरक विकला. पुढं मी शिकलो, सुप्याला कारखाने आले, एका कारखान्याच्या गोदामात लागलो, अजून तिथंच आहे. अक्काचं लग्न जामखेडला झालं. माणूस चांगला मिळाला. त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, ते खरं तर तीच चालवते. तिला भेटायला गेलं की ती वाकड्या बोटानं सुतळीची गाठ एका झटक्यात सोडवून दाखवते, "बघ, आकडा बरा पडतो." तात्या मात्र म्हातारपणी, कुणीही पाहुणा आला आणि माझ्या कानाकडं त्याची नजर गेली, की तेच सांगायचे. येळंवर मशिन बदललं आसतं तर. पाहुणे मान डोलवायचे. मी चहा बघायला आत जायचो.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर मागच्या महिन्यात माझं डाव्या कानाचं मशिन गेलं. उजवं चालतंय, पण घाम आला की मधेच गप्प होतं, आणि गप्प व्हायच्या आधी बारीक शिट्टी घालतं. नगरला दाखवलं. तिथल्या मुलीनं यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत, दुसरंही फार दिवस काढणार नाही, जोडीच घ्या. जोडीचा भाव ऐकून मी आधी मशिनवर संशय घेतला, मग तिला कागदावर लिहायला लावला. त्यात एक बरी मोटारसायकल आली असती. कारखान्याच्या विम्यात कान बसत नाहीत. मुलीचं कॉलेज चालू आहे. बायको म्हणाली, सोसायटीतून कर्ज काढू. आणि तिनंच, मला न सांगता, अक्काला फोन केला.

अक्काचा फोन येतो तो व्हिडिओवरच, मला ओठ दिसावेत म्हणून. "तोंड दिसतंय का माझं?"

"कपाळ दिसतंय."

"मंग तेवढंच बघ. बाकीचं बघून काय करतोस, म्हातारी झाले." तिनं फोन सरळ केला, तिचं ते वळलेलं बोट पडद्याच्या कडेला आलं. "ऐक बाळू. माझी भिशी लागलीय. मशिन घेऊन टाक."

"नको अक्का. बघतो मी काहीतरी."

"काय बघतोस? बायकोसंगं काय खुणा करून भांडनार हाईस?"

"तसं नाही गं. उजवं चालतंय अजून."

"चालतंय म्हनूनच थांबायचं नसतं. एकदा येळंवर बदललं न्हाई तर काय झालं ते तात्या जलमभर घोकत गेले. आता मी हाय. मी तुझं ऐकनार न्हाई."

मी उठलो. फोन हातातच होता, त्यामुळं मागं स्वयंपाकघर हलताना तिला दिसलं असणार.

"कुठं निघालास?"

"पाणी प्यायला."

तिनं फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, "तुला लई तहान लागती बाबा." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मला चैन नाही. तिला ठाऊक आहे की ती सहज म्हणाली, ते मला कळत नाही. चरकावरून माझं नाव घेत ती माझ्याकडं बघत होती, तेव्हा माझा हात सदऱ्यात होता का, तेही मला आता आठवत नाही. कधी वाटतं, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि चुलीपाशी ती जे बोलली ते मला बोलतं करण्यासाठी होतं. कधी वाटतं, हे मी माझ्या सोयीसाठी रचतोय, म्हणजे सांगायचं काम वाचेल. गेले पंधरा दिवस मी ही पानं लिहितो, उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. उजव्या कानात शिट्टी आली की मी सेल काढून, पुसून पुन्हा बसवतो. हे गेलं तर ती काय म्हणाली ते मला तिच्या ओठांवरून वाचावं लागेल, आणि तिच्या ओठांवरचं मी एकदा वाचलेलं आहे.

भिशीचे पैसे मी घेतलेले नाहीत आणि सांगितल्याशिवाय घेणार नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं जामखेडला जायचं आहे. दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा ती एकटी भेटेल. तिला सांगायचं आहे की मशिन चांगलं होतं, ते मी बंद केलं होतं, आणि नंतर रसात बुडवलंही मीच. मग ती जे बोलेल ते, पाणी प्यायला न उठता आणि मशिनच्या बटणाला हात न लावता, शेवटपर्यंत ऐकायचं आहे. एवढं तिचं माझ्याकडं येणं आहे.